हलू नका

सलूनवाल्याने गुरुजींच्या गालांवर फेस चढवला, वस्तऱ्यात नवं ब्लेड सरकवलं आणि मागच्या बाकड्यावर बसलेल्या लेकीला हाक मारली.

"टकळे, पुस्तक काढ. वाच."

घरात तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, म्हणून तिचं नाव टकळी पडलेलं. वर्गात मात्र पुस्तक उघडलं की ती मुकी. एखादा शब्द अडला की गुरुजी तो पटकन सांगून टाकत आणि त्यांच्यामागून सगळा वर्ग तोच ओरडत असे. शेवटी तिने वाचणंच सोडून दिलं. आज खुर्चीत टेकता टेकता गुरुजी म्हणाले होते, "उद्यापासून हिला खालच्या वर्गात बसवतो. हिला वाचता येत नाही." बापाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी फेस त्याने मऊ हातानेच लावला.

"म्हातारी कंदील घेऊन... भु..."

गुरुजींचे ओठ हलले.

"हलू नका," सलूनवाला म्हणाला. "गळ्यावर वस्तरा आहे."

बाकड्यावर तिच्या शेजारी बसलेलं एक गिऱ्हाईक फिस्सकन हसलं.

"यानंतर तुमचाच नंबर आहे ना?" सलूनवाल्याने आरशातून विचारलं. गिऱ्हाइकाने तोंड मिटलं.

दुकानात पंख्याची घरघर तेवढी उरली. शब्द बापाच्याही जिभेवर आला होता. सांगून टाकणं किती सोपं! लेकीचे कान लाल झालेले त्याला दिसत होते. त्याने शब्द गिळला आणि गुरुजींच्या हनुवटीखालून सावकाश वस्तरा फिरवला.

"भु... या... भुयारात शिरली!"

मग ती पुढे निघाली. अडली, मागे गेली, एका ओळीवर चांगलीच घसरली, पण पुस्तक काही तिने खाली ठेवलं नाही.

दाढी झाली. सलूनवाल्याने वस्तरा पुसून मिटला, खणात ठेवला. गुरुजी गालावरून हात फिरवत उठू लागले.

"ठीक आहे. पण हिचा वेग बघता..."

"गुरुजी, बसा," टकळी म्हणाली. बोट ओळीवर, नजर पानावर. "अजून माझं पान संपलेलं नाही."

पोरीला गप्प बस म्हणून सांगायला बापाचं तोंड उघडेना, आणि खरं सांगायचं तर त्याला ते उघडायचंही नव्हतं.

गुरुजी क्षणभर अर्धवट उभेच राहिले. मग खाली बसले, मान मागे टेकवली आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

पुढच्याच ओळीत ती पुन्हा अडली. बराच वेळ अडली. गुरुजी हलले नाहीत.