पुष्कळांची आई आणि आडवी काठी

शप्पथ सांगते मित्रांनो, आणि मोठ्यांदा सांगते, त्या कोपऱ्यातल्या पालीलाही ऐकू जाऊ दे. यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर माझ्या मिशा गळून पडोत आणि शेपटीला गाठ बसो.

मी एक जुनी उंदरीण आहे. जुनी म्हणजे किती, तर माझ्या बरोबरीचं आता कुणीच उरलेलं नाही. गटारातल्या त्या धटिंगणांशी माझं नातं लावू नका, आणि दुकानातल्या लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदरांशी तर मुळीच लावू नका. आम्ही माळावरचे. रंग मातकट, केस इतके मऊ की माशी बसली तर घसरून पडते. आणि पोरांना पाजायला देवाने आम्हाला दोन-चार जागा नाही दिल्या, सदऱ्याला गुंड्या लावाव्यात तशा गळ्यापासून मांडीपर्यंत दिल्या. किती ते मला विचारू नका. मला सहापर्यंतच मोजता येतं. सहाच्या पुढे सगळं 'पुष्कळ'. हे ध्यानात ठेवा.

माझा जन्म दक्षिण आफ्रिकेतल्या माफिकेंगजवळच्या एका गावात, राटिरोच्या ज्वारीच्या कोठीत झाला. टिरोचा बाप म्हणून तो राटिरो. आमच्या गावात पोर झालं की आईबापाचं जुनं नाव अडगळीत जातं. तर त्या कोठीत एकेक दाणा माझ्या डोक्याएवढा होता, आणि माझ्या आजीने तिथून एका मांजराला असं हाकललं होतं की ते अजून धावतंय म्हणतात.

थंडीच्या दिवसांत, आमच्याकडे म्हणजे जून-जुलैत, एकदा कोठीत शेंगदाण्याच्या कुटाचा वास आला. मी वासामागे गेले, माझ्यामागे आमचे हे आले, आणि खाडकन झाकण पडलं. राटिरोने तो डबा उचलला आणि शेजारच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

"हे घे, म्माओना. एक आजचं, एक उद्याचं."

"झाकण घट्ट आहे ना?" ओनाची आई लांबूनच म्हणाली.

"घरात साप ठेवतेस आणि उंदराला घाबरतेस?"

"साप माझा नाही, ओनाचा आहे. मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही."

"म्हणूनच जेवत नसेल तो. माझ्या ताटासमोर कुणी पाठ करून बसलं तर मीही जेवणार नाही."

मला यातलं काही कळलं नाही. आजचं काय, उद्याचं काय? मी आमच्या ह्यांना विचारलं. ते झोपले होते.

हळूहळू कळलं ते असं. ओना जहाजावर स्वयंपाकीण होती. जाताना आपला अजगर आईकडे सोपवून गेली. खुमो त्याचं नाव. मनगटाएवढा जाड, पिवळा-तपकिरी, लाजला की चेंडू होणारा. ती गेल्यापासून त्याने पाच महिने तोंडात काही घेतलं नव्हतं. दुकानातले पांढरे उंदीर बर्फात गोठवून मिळत. म्माओना ते वाटाण्याच्या पिशवीशेजारी ठेवायची, कोमट पाण्यात शेकायची, लांब चिमट्याने त्याच्यापुढे धरायची आणि स्वतः डोळे मिटायची. तो मान वळवायचा. कोंबडीची पिल्लं झाली, गालफुगे उंदीर झाले, सगळ्यांपुढे त्याने मान वळवली. त्याचं कातडं आता खुंटीवर टांगलेल्या विजारीसारखं लोंबत होतं. आणि ओना दर रविवारी फोन करायची. आईचे गुडघे नंतर, आधी एकच प्रश्न.

"आई, खुमो जेवला?"

"जेवला गं."

पाच महिने म्हातारी हेच सांगत होती. नाताळला ओना घरी यायची होती. तोवर तो जगतो की नाही, याचा तिने धसका घेतला होता.

"तो पश्चिम आफ्रिकेकडचा आहे," राटिरो म्हणाला. "त्याचे आजे-पणजे ह्या उंदरांच्याच बिळात राहायचे आणि ह्यांनाच खायचे. त्याला बर्फातला पांढरा उंदीर दिलास म्हणजे खडू दिलास."

म्माओनाने मला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला द्यायचं ठरवलं. हे मला नंतर समजलं. मी त्या रात्री दुसऱ्याच कामात होते.

सकाळी तिने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि खुर्चीत बसली. मग बोट दाखवून मोजू लागली. "अकरा," म्हणाली. मला आपलं पुष्कळ वाटले.

आमच्याकडे बाळंतिणीच्या दारात काठी आडवी ठेवतात. ती काठी आहे तोवर परक्याने आत पाऊल घालायचं नाही. म्माओना उठली, सरपणातली एक सरळ काठी निवडली, फडक्याने पुसली आणि माझ्या डब्यावर आडवी ठेवली. मग ज्वारीची आंबील पातळ करून, फुंकर मारून, बाटलीच्या बुचात घालून मला दिली.

राटिरो आला तो दारातच थांबला. "म्मा, तिकडे साप उपाशी मरतोय आणि तू इकडे त्याच्या जेवणाचं बाळंतपण काढतेस?"

"काठी दिसते ना? मग आवाज खाली."

"बरं, मग नराला घाल."

"पोरांची नावं ठेवायच्या आधी त्यांचा बाप घालवू? कसली बाई समजतोस मला?"

"मग त्याचं करायचं काय?"

"त्याला खिडकीत झोपव. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष नको."

आमचे हे खिडकीत झोपले आणि गारठ्याबद्दल महिनाभर कुरकुरले. माझं नाव म्माबोंत्सी पडलं, म्हणजे पुष्कळांची आई. आता मला सांगा, मित्रांनो, जेवणाला कुणी नाव ठेवतं का? मी फार गोंधळले होते.

काठी निघाली तेव्हा पोरं हुंदडत होती. राटिरोने जुन्या टबांवर जाळी ठोकली आणि म्हणाला, "आता पैदास कर. साप वर्षभर जेवेल." मग दुसरी वीण झाली, तिसरी झाली. काम आम्हाला एकच, खायचं आणि वाढायचं. दाणे, भोपळ्याच्या बिया, गाजराची सालं, सगळं वेळेवर. कुणी कुणाला इतकं का खाऊ घालतं, याचा मी पुष्कळ विचार केला. आमचे हे म्हणायचे, "आपले चेहरेच तसे गोड आहेत." रिकामपणात मी एक टब कुरतडला, दाराचा कोपरा कुरतडला आणि, शपथेवर सांगते, राटिरोच्या हातोड्याचं लोखंडी डोकं अर्धं कुरतडलं.

पहिल्या विणीतला माझा थोरला, मोखोलो, त्याच्या एका बोटावर पांढरा ठिपका होता. तो मोठा झाला तरी माझ्या डाव्या कुशीलाच झोपायचा.

खुमोच्या उपासाला आठवा महिना लागला, असं म्माओना म्हणायची. ओना फोनवर म्हणाली, "आई, या रविवारी फोन त्याच्यासमोर धर. मला त्याला बघायचंय."

त्या रविवारी म्माओना सकाळपासून टबांसमोर बसून होती. प्रार्थनेलाही गेली नाही. "म्माबोंत्सी," ती म्हणाली, "तूच सांग काय करू." मला काय कळणार, मी शिंकले. तिने टबात हात घातला. सगळे लपले. मोखोलो माणसाळलेला, तो नेहमीसारखा तिच्या तळव्यावर चढून बसला. तिने त्याला उचललं.

आता काय झालं ते ऐका. मोखोलो त्या काचेच्या खोलीत गेला. खुमोने मान वर केली. "कोण रे तू?"

"म्माबोंत्सीचा थोरला."

"त्या काठीआडच्या?"

"हो."

खुमो ओशाळला. म्हणाला, "बस, पुष्कळ महिने झाले, कुणी बोलायला नाही. ती बाई माझ्याकडे बघतसुद्धा नाही." मग मोखोलोने त्याला आजीच्या मांजराची गोष्ट सांगितली. खुमो इतका हसला, इतका हसला की त्याचं ढिलं कातडं पोटावर तटतटून बसलं. मग मोखोलो घरी आला आणि माझ्या डाव्या कुशीला झोपला.

हे असं झालं. पण पुढचं मला उलगडत नाही. दुपारी म्माओना फोनवर म्हणाली, "जेवला गं, बघ ना," आणि तिचा आवाज कापला. इतके महिने तोच शब्द ती सहज बोलत होती, मग आज काय झालं? नंतर तिने माझ्या वाटीत मूठभर शेंगदाणे घातले. सरपणातून तीच काठी शोधून आणली आणि माझ्या टबावर आडवी ठेवली. माझ्याजवळ तेव्हा एकही तान्हं नव्हतं.

पुष्कळ दिवसांनी राटिरो म्हणाला, "आता दुसरा घाल, बसलीस काय?"

"नाही."

"मग एवढे पोसलेस कशाला, भजन म्हणायला?"

म्माओनाने पुष्कळ वर्षं इस्पितळाच्या धोबीखान्यात काढलेली. ती म्हणाली, "चादर कितीही उकळली तरी माणसाचा वास शिवणीत राहतो. मला ठाऊक आहे." तिने वाटाण्याशेजारचा एक पांढरा उंदीर काढला, शेकला आणि माझ्या अंथरुणाच्या भुशात दुपारभर पुरून ठेवला. मग चिमट्याने खुमोपुढे धरला. या वेळी डोळे उघडे ठेवून. खुमोने जीभ लपलपवली आणि झडप घातली.

तेव्हापासून माझा वास हाच माझा धंदा. गावोगावचे साप पाळणारे येतात आणि पावाच्या पिशवीत माझं अंथरूण घेऊन जातात. पोरं मागितली की म्माओना काठीकडे बोट दाखवते. ते पांढरे पाहुणे माझ्या भुशात येतात, दुपारभर पडून राहतात. गार असतात. मी त्यांना ऊब द्यायला बसते, गोष्ट सांगते. कुणी हुंकारसुद्धा देत नाही. मग जातात. कुठे जातात, मी विचारत नाही.

नाताळला ओना आली. खुमोला उचलून म्हणाली, "अगं, केवढा जड झालाय." मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आई, ही काठी कशाला? हिचं तर बाळंतपणाचं वय गेलं."

म्माओनाने हातातलं काम खाली ठेवलं. "ओना, मी तुला खोटं सांगत होते. तो जेवत नव्हता. आठवा महिना लागेपर्यंत काही खाल्लं नाही त्याने. मग एकदा खाल्लं, ते हिचा थोरला. माझ्या हातावर आपणहून चढला होता तो."

ओना माझ्या टबाजवळ आली. तिने माझी वाटी पाहिली, रिकामी होती, ती भरली. काठी जराशी तिरकी झाली होती, ती सरळ केली.

म्हणून सांगते, मित्रांनो, तुम्ही कुणाला पाळलंत तर त्याला नाव ठेवालच. पण त्याचं पोट ज्याच्यावर भरतं, त्यालाही एक नाव ठेवा. आणि डब्यात हात घालायच्या आधी थोडा वेळ त्याच्यासमोर बसा, म्माओना बसली तसे.

आता म्हातारीने कबूल केलं, तर मीही करते. मोखोलो परत आला नाही. तेवढं मी मनाचं घातलं. मला सहापर्यंतच मोजता येतं. पुष्कळांतला एक गेला तरी पुष्कळच उरतात, म्हणून वाटलं कुणाला कळणार नाही. पण डावी कूस गार लागते.

बाकी सगळं खरं आहे. हातोडासुद्धा.