मागे चालणारी गल्ली

मी दोर वळायचा रहाट बोलतोय. विहिरीवरचा नव्हे, तो माझा चुलतभाऊ, आणि त्याला सगळे ओळखतात. माझ्या वाट्याला पाणी आलं नाही, पीळ आला.

एका सुताराने मला सागवानात घडवलं आणि एका सरळ, लांबलचक गल्लीच्या तोंडाशी रोवलं. गल्ली लांब होती ती हौसेने नव्हे. जेवढा दोर, तेवढी मोकळी वाट लागते. कमरेला तागाचा जुडगा बांधायचा, त्याचं टोक माझ्या आकड्यात अडकवायचं आणि ताग सोडत सोडत उलट्या पावलांनी मागे जायचं. इकडे कुणीतरी माझी मूठ फिरवत राहायचं.

त्यामुळे आमच्या गल्लीची भाषाच उलटी. 'आज किती मागे गेलात?' म्हणजे किती काम झालं. काम नसलं की 'उभे आहोत' म्हणायचे. नव्या सुनांना हे समजायला महिनाभर लागायचा.

माझे शेवटचे मालक म्हणजे काका आणि काकू. काका मागे जायचे, काकू मला फिरवायच्या. चाळीस वर्षं फिरवलं त्यांनी मला, आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा माझ्याहून जोरात फिरायचा.

"अहो, झोपलात का तिकडे?"

"तू ओरडत असताना कोण झोपेल?" काका गल्लीच्या पार टोकावरून म्हणायचे.

पुढे नायलॉन आलं. वीस घरांतली दोन उरली. काका-काकूंचा मुलगाही बायकोला घेऊन परगावी गेला. तेवढ्यात बातमी आली, की जुना वारसा जपून त्याच्या जोरावर ही वस्ती पुन्हा उभी करायची आहे. काकूंच्या जिवात जीव आला. गल्लीत काम आलं तर मुलगा परतेल, एवढीच त्यांची आशा होती.

पाहणीला एक साहेब आले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता.

"धंदा कसा काय?" त्यांनी विचारलं.

"मागेच चाललाय, साहेब," काका खुशीत म्हणाले. "दिवसभर मागेच."

साहेबांनी हळहळून मान हलवली. कागद माझ्याच खांबावर टेकवला आणि पुटपुटत लिहिलं, 'धंदा मागे पडलेला.' काका तोवर पन्नास पावलं दूर गेले होते. काकू जवळच होत्या, पण माझ्या कुरकुरीत त्यांना ते ऐकू आलं नाही. त्या कुरकुरीबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मागे पडलेल्या धंद्याला मोकळी वाट कशाला हवी? गल्लीत फरशी बसली. मधोमध बाक आले, कुंड्या आल्या, नक्षीचे दिवे आले. दोन्ही घरांना शहराबाहेरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. तिथला व्हरांडा बारा पावलांचा आहे म्हणे. काकूंच्या स्वयंपाकघरात आता कॉफीचं दुकान आहे. मला घासून वॉर्निश लावलं, आणि मुलांची बोटं अडकू नयेत म्हणून माझा लोखंडी आस आतून वेल्डिंग करून टाकला. बाहेरून पाहिलं तर काही कळत नाही.

रविवारी लोक येतात, मला टेकून फोटो काढतात. सोमवारी इथे चिटपाखरू नसतं, कारण राहतंच कोण? मला फार राग येतो. वारसा म्हणजे माझी ही लाकडं नव्हेत. ती मोकळी वाट होती, ते मागे जाणारे पाय होते. नेमकं तेवढंच काढून बाकीचं जपलं.

गेल्या आठवड्यात काका-काकू आले. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं, पाय रोवला आणि माझी मूठ धरून जोर लावला. मी हललो नाही. त्यांनी दोन्ही हातांनी पुन्हा जोर लावला. चेहरा लाल झाला.

"हातात काही राहिलंच नाही हो," त्या हळूच म्हणाल्या.

"वय झालं आपलं. चल."

काकू बाकाशी थांबल्या. "पोराला फोन करून सांगा, आता इकडचा विचार करू नकोस म्हणावं. माझ्याच्याने व्हायचं नाही."

माझा आस कुणी सोडवेल, बाक कुणी हलवेल, ही आशा मी सोडली आहे. पण चौथ्या मजल्यावर राहणारी, मनगटं चोळत बसलेली एक बाई तुम्हाला भेटली, तर तिला एवढं सांगा. काकू, तुमच्या हातात जोर होता. मलाच जखडून ठेवलं होतं.