हातभर तोकडी तुळई

मित्रांनो, मी आडव्यानेच बोलते, राग मानू नका. मी एक जुनी तुळई आहे. सगळा जन्म छप्पर पेलण्यात गेला, आता बोलायचाही कंटाळा येतो. पण तुम्ही पोरं कान देऊन बसलात, तर सांगते.

आधी मी झाड होते. ते फारसं आठवत नाही. वारा आठवतो, आणि मग कुऱ्हाड. मला तासलं, चौकोनी केलं आणि एका मोठ्या घरावर चढवलं. गवंडी म्हणाला, "ही आता हलायची नाही." तेवढंच काय ते कौतुक माझ्या वाट्याला आलं. खाली माणसं जेवली, भांडली, त्यांनी माझ्या कमरेला पोरांचे झोके बांधले. तीन पिढ्या गेल्या. मग घर पाडलं आणि मला एका वखारीत आणून टाकलं.

वखारीच्या दारावर पाटी होती, 'टिंबर'. माझ्या अंगावर मोडकी दारं, फुटक्या खिडक्या रचलेल्या. मला वाटायचं, टिंबर म्हणजे अडगळच असणार.

एक दिवस रिटायर झालेल्या एक मास्तरीणबाई फळी कापून न्यायला आल्या. वखारीत लाकूड कापणारा म्हातारा होता, त्याला सगळे करवत्याच म्हणायचे. बाईंनी त्याला विचारलं, "एवढी वर्षं या पाटीखालून जाता, शब्दाचा अर्थ ठाऊक आहे?"

"लाकूड. अजून काय असणार?"

"ते आत्ता. हा इंग्रजीतला फार जुना शब्द. अगदी आधी त्याचा अर्थ होता घर, बांधलेली इमारत. मग झाला घर बांधायचं लाकूड. मग ते लाकूड ज्याचं निघतं, ते उभं झाडसुद्धा. जर्मन लोक खोलीला 'त्सिमर' म्हणतात ना, तो ह्याचाच चुलतभाऊ."

करवत्या हसला. "म्हणजे उलटाच की! आम्ही झाडाकडून घराकडे जातो, हा घराकडून झाडाकडे गेला."

"माणसं नेतील तिकडे जातो बिचारा."

"बरं बाई, आता फळी कापू, का अजून धडा बाकी आहे?"

मी ऐकत होते. अडगळ नव्हते तर! पण खरं सांगू? आनंदबिनंद काही झाला नाही. दमलेल्याला त्याचा मोठेपणा सांगितला, की त्याला आणखीच थकवा येतो.

त्याच आठवड्यात मालक म्हणाला, "हे जुनं धूड फाडा आणि त्याची खोकी करा."

करवतीच्या आवाजानं करवत्याचे कान निम्मे गेलेले. तो लाकडावर हातोडी मारायचा आणि तळवा टेकवून ऐकायचा. माझ्यावरही त्यानं तळवा ठेवला. "मालक, एक टोक कुजलंय, बाकी खणखणीत आहे. मला द्या. बहिणीच्या छपराला तुळई लागते."

"ने बाबा. जागा तरी मोकळी होईल."

त्याची धाकटी बहीण एकटी राहायची. तिची तुळई वाळवीनं पोखरलेली, छप्पर नुसत्या एका बांबूच्या टेकूवर. टेकू सरकला, तर सगळं तिच्या अंथरुणावर आलं असतं.

करवत्या टेप वापरत नसे. "टेप ताणली की खोटं बोलते, हात बोलत नाही," म्हणायचा. बहिणीची खोली अठरा विती भरली होती, म्हणून त्यानं माझ्यावरही अठरा विती मोजल्या आणि कुजकं टोक कापून टाकलं.

चौघांनी मला वर चढवलं. एक टोक भिंतीवर बसलं. दुसरं हातभर अलीकडेच, हवेत.

"दादा, हे काय?" बहीण म्हणाली.

करवत्यानं आपले दोन्ही पंजे समोर धरले. उजव्या करंगळीचं पेर मागच्याच महिन्यात करवतीनं नेलं होतं. "खोली मोजली तेव्हा उजव्याला मलमपट्टी होती गं. डाव्यानं मोजली. आणि हिला मोजलं ह्या थोट्यानं."

"जगाला मापात लाकूड दिलंस, आणि बहिणीलाच तोकडं?"

तो मटकन खाली बसला. "शिव्या दे. कापलेलं लाकूड काय वाढत नाही आता."

ती भिंतीपासून माझ्या टोकाखालपर्यंत चालत गेली, परत आली. "मग त्या बाजूनं आतून दुसरी भिंत घाल. तिच्यावर टेकव."

"वेडी का काय तू? एका तुळईसाठी खोली लहान करायची?"

"तुळईसाठी कोण करतंय, येड्या! मला एकटीला किती जागा लागते? झाडून झाडून कंबर मोडते माझी. ऊठ, विटा आण."

चार दिवसांत भिंत उभी राहिली. बांबू काढून बाहेर ठेवला.

मित्रांनो, तुमच्या डोक्यावरही कोणीतरी असंच आडवं पडलेलं असेल. आभार नकोत. वर्षातून एकदा शिडी लावा. भेग आहे का, वाळवी लागली का, बघा. तेवढं पुरतं आम्हाला.

मी थकलेय, खोटं कशाला बोलू? सांधा न् सांधा दुखतो. पण दुपारी ती माझ्याखाली अंथरूण टाकते, आणि पाठ टेकताच घोरायला लागते. तेवढा वेळ मी कुरकुरत नाही.