धाकट्या सिस्टरचं काम

सिस्टर दोमितिल्ला अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली तरी मठात धाकटीच राहिली. वेदीवरच्या चित्रातल्या मरियामातेचा चेहरा सणाच्या आदल्या दिवशी दिव्यातल्या तेलाने पुसायचा आणि तो सर्वांत धाकट्या सिस्टरने, असा इथला रिवाज. लोकरीच्या व्यापाऱ्याच्या विधवेने मठ बांधला तेव्हापासूनचा. दोमितिल्ला विसाव्या वर्षी आली आणि तिच्यामागून कुणी आलंच नाही. मग काय, दरवर्षी शिडीवर तीच. गुडघ्यांचे बारा वाजले, पण काम सुटलं नाही.

बाकीच्या सिस्टर एकेक करून मागच्या दफनभूमीत गेल्या. सोमवारी हिलाही पेरुजाच्या वृद्धाश्रमात नेणार होते. फार थकली होती बिचारी. मातेचा नीट निरोप घेऊन जायचं, एवढीच इच्छा उरली होती. पण त्याआधीच ते चित्र साफ करायला जुनी चित्रं दुरुस्त करणारी फियोरेन्झा येऊन ठेपली.

"सिस्टर, हिला काय धुराड्यात टांगून ठेवली होती का हो?" तिने चित्राच्या लाकडी फळीला नाक लावून विचारलं.

"तेल लावतो आम्ही. चमकावी म्हणून."

"अहो, तेलानेच तर काळी पडली! तेल, त्यावर काजळी, परत तेल. चारशे वर्षं! आता ते तेल पावावर घाला."

"त्यातली अठ्ठावन्न वर्षं माझी आहेत, पोरी."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. दोमितिल्लाला रडूही येईना. ती बाकावर बसली.

फियोरेन्झा वरमली. काडीला कापूस गुंडाळत म्हणाली, "असं तोंड पाडू नका. तुम्ही जायच्या आत खरी कशी आहे ते दाखवते."

संध्याकाळपर्यंत उजवा अर्धा चेहरा मोकळा झाला. गुलाबी गाल, जेमतेम विशीतली पोर, ओठाच्या कोपऱ्यात हसू.

"या, बघा! आज जिवंत असलेल्या कुणीही ही पाहिलेली नाही. कशी आहे?"

दोमितिल्ला उठली, जवळ गेली, बराच वेळ बघत राहिली.

"देखणी आहे गं."

"मग तुमचा चेहरा का असा?"

"माझी आई गेली तेव्हा मला घरी सोडलं नव्हतं. ते मी त्या काळीला सांगितलं. इथून पळून जावंसं वाटायचं, तेही तिलाच. हिला माझं काहीच ठाऊक नाही."

फियोरेन्झाने हातातला कापूस डब्यात टाकला.

"बाकीचं सोमवारनंतर करशील?"

"मंगळवारी येते, सिस्टर," ती म्हणाली आणि दार हळूच ओढून घेऊन गेली.

दोमितिल्लाने बाक ओढत ओढत डावीकडे नेलं. दम लागला. तिथे काळी बाजूच समोर येत होती.

"आई," ती म्हणाली, "सोमवारी नेतायत गं मला."