सुट्टीवरचा नवरा

जोतीराम फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाला, पण तासगावाकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, तसा तोही मेजर झाला. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, पोट आत, मिशी वर. द्राक्षाची बाग होती, बेदाण्याचं शेड होतं. लोकांना वाटलं, गड्याची आता मजाच मजा. त्यालाही तसंच वाटलं होतं, आणि मजा म्हणजे काय याबद्दल त्याची कल्पना अगदी स्पष्ट होती. मजा म्हणजे बायको, शैलजा, आणि तीही रोज.

आता यात त्याचं तरी काय चुकलं म्हणा! लग्न झाल्यापासून तो सुट्टीवर यायचा आणि फौजी सुट्टीवर आला की घरानं कसं वागायचं, ते साऱ्या गावाला पाठ. त्याची आई तानुबाई नातवाला घेऊन सोप्यात झोपायची. आतली खोली मोकळी. दुपारी मटण, आणि मटण झालं की घरातल्या सगळ्यांना एकदम शेतातली कामं आठवायची. कुणी काही बोलायचं नाही आणि सगळ्यांना सगळं कळायचं. शैलजा तर सुट्टीत कधी म्हणून नाही म्हणाली नाही. बराकीत बाकीचे आपापल्या बायकांची गाऱ्हाणी सांगायचे, तेव्हा हा पठ्ठ्या मिशीवरून हात फिरवत गालात हसायचा. आपली जोडी जमलेली आहे, अशी त्याची पक्की खात्री होती.

पेन्शनीत आल्यावर पहिले काही दिवस सुट्टीसारखेच गेले. मग एक दिवस शैलजा म्हणाली, आज नको. जोतीरामला वाटलं, दमली असेल. दुसऱ्या दिवशीही नको. मग डोकं दुखतंय, मग बागेत उद्या माणसं लावलीत, पहाटे उठायचंय. पुढं पुढं तर ती कारण सांगायच्याही भानगडीत पडेना, कूस बदलायची आणि दोन मिनिटांत घोरायची. हा आढ्याकडं बघत पडायचा. आधी त्यानं बागेला दोष दिला, मग मोबाईलला, मग शेजारणीला. शेवटी खरं ते मनात आलंच, की हिला आपण नकोसे झालो. गोळीबारात न हललेलं त्याचं काळीज इथं मात्र हललं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

त्यानं नानासोला गाठलं. नानासोही माजी फौजी. त्याची बायको त्याच्याशी पोरांमार्फत बोलते. अशा माणसाचा या बाबतीत सल्ला घ्यायचा नसतो, हे शेंबड्या पोराला कळेल, पण अडलेल्या माणसाला कळत नाही. नानासोनं मान हलवून निदान केलं, वहिनींच्या अंगात रक्त कमी असणार. जोतीरामला ते लगेच पटलं. फौजेत काही बिघडलं की माणसाला डॉक्टरपुढं उभं करतात, तो औषध देतो, माणूस दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर. बायकोचंही तसंच असणार. चाळिशी आली, तपासून घेऊ, एवढंच सांगून त्यानं तिला गाडीवर बसवलं आणि सांगलीला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी शैलजाला तपासलं, रक्त बघितलं आणि विचारलं, त्रास काय होतोय. शैलजानं नवऱ्याकडं बघितलं. जोतीराम खाकरला आणि म्हणाला, हिचं जरा मन लागत नाही. बाईंनी विचारलं, कशात. तो म्हणाला, घरात. घरात म्हणजे नक्की कशात, ते बाईंना कळलं. शैलजालाही कळलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. बाईंनी शांतपणे सांगितलं, की ही ठणठणीत आहे. नवराबायकोत एकाला जास्त लागतं, एकाला कमी, आणि तेही वयाप्रमाणं बदलतं, याला गोळी नसते. एकमेकांना कधी विचारता का, असंही त्यांनी विचारलं. जोतीराम म्हणाला, त्यात विचारायचं काय? बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

गाडी परत तासगावाकडं निघाली, माधवनगर मागं पडलं. जोतीराम मनातल्या मनात नानासोला शिव्या घालत गाडी चालवत होता. मग त्याच्या पाठीमागून आवाज आला. चार डोळे समोरासमोर नव्हते, म्हणूनच तिला बोलता आलं असावं.

"सुट्टीवरच्या मानसाला न्हाई म्हनायचं नसतं, असं तुमच्या आयनं मला लग्नातच सांगितलं हुतं."

जोतीरामनं गाडी रस्त्याकडेच्या चिंचेखाली घेतली आणि उतरला. "म्हंजे? तवा तुला नको असायचं?"

"कवा पायजे असायचं, कवा नसायचं. तुमी इचारलं कुठं? आन् मी तरी कुठल्या तोंडानं न्हाई म्हनू? तुमी परत तिकडं जानार. काय बरंवाईट झालं, तर जाताना बायको न्हाई म्हनली हुती, एवढंच तुमच्यासंगं जायचं."

जोतीराम चिंचेच्या बुडाशी बसला. बराकीतलं ते गालातलं हसू आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि ती बिचारी त्याच्या मरणाच्या भीतीनं हो म्हणत होती, याचं वाईटही फार वाटलं. विचारू नये असं वाटत असतानाच त्यानं विचारलं, "येकदा तरी खरंच पायजे हुतो का गं मी तुला?"

"लय येळा," ती म्हणाली.

"कवा?"

"छाटनीच्या दिसांत. दुपारचं. मानसं जेवून सावलीला पडलेली असायची, आन् मला वाटायचं, आत्ताच्या आत्ता हा मानूस हितं पायजे. असं वाटायचं, की कशात जीव लागायचा न्हाई. आन् तुमी तिकडं आसामात."

"आता हाय की मी हितं."

"हायसा की. पर आजून उद्या सुट्टी संपनार असल्यागत वागताय."

रस्त्यावरून द्राक्षांचे दोन टेम्पो गेले. मग तो उठला, पँट झटकली आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, की आज रात्री तिचं मन कसं आहे. तिनं खरोखर विचार केला आणि सांगितलं, आज न्हाई. तो म्हणाला, बरं. म्हणायला जड गेलं, पण म्हणाला.

गाडी सुरू झाली. शैलजा मागं बसली आणि भर दिवसा, तासगावच्या रस्त्यावर, लोक बघत असताना, तिनं त्याच्या कमरेला घट्ट मिठी मारली. इतक्या वर्षांत असं तिनं कधी केलं नव्हतं. जोतीरामची भलतीच पंचाईत झाली.

"आगं, असा हात ठेवलास तर मी बरं कसं म्हनायचं?"

ती खळखळून हसली. हात मात्र काढला नाही.