शेफर्ड बालफोरची विझणारी मेणबत्ती

रविवारी दुपारी थॅचबॉटम गावातल्या पत्र्याच्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल वाजत होते, लाल-पांढऱ्या पागोट्यांतल्या बाया घुमत होत्या आणि बाकांवर ओळीने बसली होती शिकलेली माणसं. मास्तर, नर्सा, पदवीधर. कुणाला कॅनडाला जायचं होतं, कुणाला जपानला इंग्रजी शिकवायला. सगळ्यांचं घोडं एकाच जागी अडलेलं, व्हिसापाशी. आणि व्हिसा म्हणे चर्चचा मुख्य, शेफर्ड बालफोर, देत होता. वकिलात नुसता शिक्का मारायची.

रीत सोपी. दारात सिस्टर डल्सीकडे दान आणि कागदांचं पाकीट द्यायचं. ती ते आतल्या खोलीत नेऊन तासभर मंतरलेलं ‘तेल लावी’. मग शेफर्ड एकेकाच्या हाती पांढरी मेणबत्ती देई. जळत राहिली की व्हिसा नक्की. मिनिटात विझली की कुणीतरी करणी केलेली. गंमत म्हणजे शेफर्डचं बोलणं खरं ठरायचं. जळत्या मेणबत्तीवाला एकही माणूस वकिलातीतून रिकाम्या हाती परतला नव्हता.

त्या रविवारी जपानला शिकवायला निघालेल्या प्रेशस जेंटल्सची मेणबत्ती विझली. शेफर्डने डोळे मिटून विचारलं, घरात वयस्क बाई आहे का? आहे.

“तुझी वाट तिनेच बांधलीय, पोरी. सात रविवार येत राहा.”

ती वयस्क बाई म्हणजे झेल्मा टीचर. गावच्या पोरांना तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेली प्रेशसची आत्या. आईविना पोर तिनेच वाढवलेली. त्या दिवसापासून प्रेशस आत्याच्या हातचं खाईना. फणसासारखं ब्रेडफ्रूट भाजून पुढे ठेवलं की म्हणे भूक नाही. वकिलातीची तारीख पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारची. जपानमधली शाळा काही सात रविवार थांबणार नव्हती.

टीचरला झोंबलं ते वेगळंच. पोर दूर जावी हे तिला मनातून खरोखरच नको होतं. भामट्याने नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. अशी जागा प्रत्येक घरात असते, त्यासाठी अंतर्ज्ञान लागत नाही.

बुधवारी सकाळी चादर बदलताना तिला प्रेशसच्या उशीखाली ती विझलेली मेणबत्ती सापडली. पेटवली, पेटेना. तिने मोडली. चांगली मेणबत्ती मोडली तर तुकडे वातीला लोंबकळतात. हिचे दोन तुकडे टपकन खाली पडले. आत वातच नव्हती. वर पेराएवढा दोरा, बाकी नुसतं मेण.

“प्रेशस, इकडे ये. तुझ्यावरची करणी सापडली.”

प्रेशसने तुकडे उलटसुलट करून पाहिले. मग हट्टानेच म्हणाली, “पण कुणाला वात द्यायची न् कुणाला नाही, हे त्याला कळतं कसं?”

“पाकीट कुणाकडे दिलंस?”

“डल्सीकडे.”

“ती आधी काय करायची गं?”

“किंग्स्टनला लोकांचे व्हिसाचे अर्ज तपासून द्यायची...” म्हणता म्हणता प्रेशसने कागदांचं पाकीट पुढे ओढलं.

दोघींनी वकिलातीला लागणाऱ्या कागदांची यादी घेतली, फरशीवर कागद मांडले आणि एकेक तपासला. एक सोडून सगळ्यांवर पासपोर्टातलं नाव होतं, आयोनी मॅरिएट जेंटल्स. त्या नावाने प्रेशसला वर्षातून एकदासुद्धा कुणी हाक मारत नसेल. आमच्याकडे घरचं नाव तेच गावाचं, पासपोर्टातलं कपाटात. पण म्हाताऱ्या डॉक्टरने तब्येतीच्या दाखल्यावर ठसठशीत लिहिलं होतं, प्रेशस जेंटल्स. हिने तो दहादा वाचला होता. आपलंच नाव, खटकणार कसं? डल्सीला मात्र बरोबर खटकलं होतं.

गुरुवारी डॉक्टरने स्वतःला शिव्या घालत दाखला बदलून दिला.

रविवारी पाकीट पुन्हा डल्सीकडे गेलं आणि टीचर स्वतः पहिल्या बाकावर जाऊन बसली. प्रेशसची मेणबत्ती या खेपेला सरळ, शांत जळत राहिली. शेफर्डने हात उंचावले. वाट सुटली, वैरी पळाला.

“पळाला कुठे, मी इथेच बसलेय,” टीचर म्हणाली. “आणि मी कसलीच वाट सोडलेली नाही. आठवड्यात बदललाय तो फक्त डॉक्टरचा दाखला.”

तिने पर्समधून बुधवारचे दोन तुकडे काढून सगळ्यांना दाखवले. मग प्रेशसच्या हातातली मेणबत्ती फुंकून मोडली. तुकडे वातीला लोंबकळले.

शेजारच्या बाकावर ऑस्बर्न मास्तरांची मेणबत्ती नुकतीच विझली होती, ओळीने चौथ्या रविवारी. त्यांनी ती मोडली. टप. मागे एका नर्सने मोडली. टप. ढोल थांबले. शेफर्ड पागोटं सावरत सैतानाबद्दल काहीतरी पुटपुटला, पण लोक डल्सीकडे बघत होते.

“डल्सी,” मास्तर म्हणाले, “माझ्या कागदांत काय कमी आहे?”

“पोलिसांचा दाखला जुना झालाय,” सवयीने ती बोलून गेली आणि तोंडावर हात ठेवला.

“मग चार रविवार माझ्या सख्ख्या भावाला वैरी का ठरवलंत?”



त्या संध्याकाळी प्रेशसने भाजलेलं ब्रेडफ्रूट पोटभर खाल्लं, आत्याच्या हातचं. मंगळवारी वकिलातीत कुणीतरी ‘आयोनी जेंटल्स’ अशी हाक मारली, तेव्हा ओ द्यायला तिला जरा वेळच लागला.

डल्सीचं ज्ञान खरं होतं. तेवढंच सरळ सांगितलं असतं तर तो प्रामाणिक धंदा झाला असता. पण त्यात आत्या चेटकीण ठरली नसती, भाऊ वैरी झाला नसता आणि शेफर्डचं पोट भरलं नसतं. लागणाऱ्या कागदांची यादी वकिलातीच्या दारावर लावलेली असते, फुकट. जगाला वाचायला शिकवायला निघालेल्यांनी ती वाचली नाही, म्हणून एका भामट्याने ती वाचून त्यांना नाचवलं. तेव्हा बाबांनो, आपला कागद आपण वाचा. आणि कुणी नशिबाची मेणबत्ती हातात दिलीच, तर आधी मोडून बघा.