श्वास घेणारा दगड

श्वासबाबांनी पांढुरका खडा काचेच्या ग्लासात सोडला आणि सभागृहातल्या सगळ्यांनी माना उंचावल्या. खड्यातून बुडबुड्यांची रांग निघाली. पुढच्या बाईने ग्लासला हात लावला, तर तो चक्क कोमट.

"दगड जिवंत आहे, ताई," श्वासबाबा म्हणाले. "श्वासाबरोबर पाण्यातलं विष ओढून घेतो. सात पिढ्या थकणार नाही."

मागे उभ्या असलेल्या आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. भाचीमुळे सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायची. गल्लीच्या टोकाला जुन्या बॅटऱ्या फोडायचा कारखाना होता आणि तिथलं शिसं बोअरच्या पाण्यात उतरलं होतं. भाचीच्या रक्तातही ते सापडलं, तेव्हा आत्याने भावाच्या घरी गाळणीची बादली बसवली. तिच्यात दगड याच जातीचा, पण भरडून, मिठाच्या पाण्यात उकळून, धुऊन भरलेला. वहिनीने ती बादली गॅलरीत नेऊन तिच्यात झाडू उभे केले होते आणि माठात बाबांचा खडा टाकला होता.

आत्या तरातरा पुढे गेली आणि तोच ओला खडा पुन्हा टाकून दाखवा म्हणाली. देवाला दोनदा राबवायचं नसतं, असं बाबांनी ऐकवलं, आणि लोकांनी तिलाच खाली बसवलं.

मग भावाच्या घरी जाऊन तिने वहिनीच्या माठातला खडा काढला. वहिनी आणि शेजारीण बघत असतानाच तो तव्यावर चांगला तापवला, झाकून गार केला आणि पाण्यात सोडला. बुडबुडे आले. पाणी कोमट झालं.

"या दगडात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात," ती म्हणाली. "तापवला की आतलं पाणी उडून जातं आणि हवा शिरते. मग भिजवला की पाणी आत घुसतं, हवा बाहेर येते आणि दगड गरम होतो. झाला श्वास."

शेजारीण डोळे विस्फारून बघत होती. "म्हणजे तुमच्या हातातही आहे की! मलाही एक द्या ना."

आत्याने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी तिने माठातलं पाणी प्रयोगशाळेत तपासलं. शिसं जवळजवळ होतं तेवढंच होतं. तिने घरी येऊन ते सांगितलं, तरी वहिनीचं समाधान होईना.

"तुमची बादली काहीच करत नाही हो. बुडबुडा नाही, काही नाही. वर दगड बदलत राहा म्हणता. बाबांचा कधी थकत नाही."

"थकायला काम करावं लागतं, वहिनी. बादलीतला दगड मिठाच्या पाण्यात उकळला की मिठातलं सोडियम त्या छिद्रांत जाऊन बसतं. शिसं आलं की सोडियम जागा सोडतं आणि शिसं तिथे अडकतं. जागा भरल्या की दगड संपला." आत्याचा आवाज चढला होता, तो तिने खाली आणला. "सोमवारी पोरीचं रक्त पुन्हा तपासायचंय. बुडबुडे बघून तो आकडा उतरणार नाही."

वहिनी उठली. गॅलरीत जाऊन तिने झाडू बाहेर काढले आणि बादली घासायला घेतली.

संध्याकाळी शेजारीण बाबांकडून आणलेला खडा घेऊन दारात हजर. तो गप्प पडला होता, जरा तापवून हवा होता. आत्याने तवा चढवला नाही. तिने एक स्वच्छ बाटली तिच्या हातात दिली.

"हिच्यात तुमच्या घरचं पाणी भरून द्या. बाबांवर नको, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. आधी तपासा, मग मुलांना काय पाजायचं ते ठरवा."